आंबेगावचा हिरडा आणि चीनची औषधपेठ

अवसरी खुर्दच्या बागायतीतून निघून घोडेगाव, डिंभे ओलांडीत भीमाशंकराच्या डोंगररांगांकडे जसजसे जावे, तसतसा ऊस मागे पडतो आणि हिरड्याची झाडे दिसू लागतात. तेथील महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात त्याची कोवळी फळे झोडतात, अंगणात वाळवितात आणि 'बाळहिरडा' म्हणून तराजूवर घालतात. त्या काळ्या, सुरकुतलेल्या जिनसावर कित्येक घरांचा किराणा अवलंबून असतो. चीनच्या प्रवासास निघालेल्या मराठी गृहस्थाने तेथील भिंत आणि राजवाडे अवश्य पाहावेत. परंतु त्या देशाच्या परंपरेशी खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर या हिरड्याचा माग काढीत जावे, असे आमचे मत आहे.

कारण हिरडा त्या मुलखास नवा नाही. तिसऱ्या शतकाच्या आरंभी दिवंगत झालेल्या चांग चोंगचिंग या वैद्याच्या नावे जो ग्रंथ प्रसिद्ध आहे, त्यात हिरडा भाजून, त्याचे चूर्ण करून पेजेबरोबर द्यावे, असा योग आहे, आणि इ. स. ६५९ मध्ये थांग दरबाराने जो औषधिकोश सिद्ध करविला, त्यातही या फळाची नोंद आढळते. मौज अशी की, आपल्याकडे आजीबाईच्या बटव्यातला हिरडा कोठा साफ करण्यासाठी निघतो, तर चिनी वैद्य तो जुनाट अतिसार थांबविण्यास आणि बसलेला आवाज मोकळा करण्यास देतो. फळ एकच असले, तरी त्यातला रेचक अंश आपण उचलला आणि तुरट अंश त्यांनी.

अशा औषधींची पेठ पाहावयाची, तर हेबेई प्रांतातील आनक्वो येथे जावे. उत्तर चीनमधील वनस्पतींच्या व्यापाराचे हे पुरातन केंद्र असून वनस्पती येथे आली म्हणजेच तिचे औषध होते, अशी तिकडची जुनी समजूत आहे. गावात औषधिराजाचे मंदिर आहे. हा देव मुळात हान राजवटीतील फी थोंग नावाचा सरदार होता. सरदाराचा धन्वंतरी व्हावा, हे दैवतांच्या इतिहासास साजेसेच म्हणावयाचे.

चिनी वैद्यापुढे हात केला, म्हणजे मराठी माणसास परके वाटण्याचे कारण उरत नाही: तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीनच बोटे मनगटावर टेकतात. मात्र आपला वैद्य त्यांखाली वात, पित्त आणि कफ शोधतो, तर चिनी वैद्य डाव्या मनगटावर हृदय, यकृत व मूत्रपिंड यांचा आणि उजव्यावर फुप्फुस व प्लीहा यांचा ठाव घेतो. मग जीभ पाहतो. परंपरेची म्हणून प्रत्येक पुडी निर्धोक मानणे मात्र भोळेपणाचे होय. ईश्वरी कुळातील काही चिनी वनस्पतींनी मूत्रपिंडे निकामी झाल्याचे सिद्ध झालेले आहे.

आनक्वो ज्या बाओदिंग परिसरात येते, त्यातच तांगश्येन परगणा आहे, आणि तेथेच सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा अंत झाला. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीस काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेत शल्यचिकित्सक झाले, चिनी भाषा शिकले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने वारले. नागपूरचे डॉ. चोळकर याच पथकात होते. आणि पथकातील दुसरे सहकारी डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये सूचिचिकित्सा शिकून १९५९ मध्ये ती भारतात आणली.

कोटणीसांची समाधी शिज्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. एप्रिलच्या आरंभी छिंगमिंगचा सण येतो. त्या दिवशी चिनी माणूस पूर्वजांची थडगी झाडून काढतो व फुले वाहतो, आणि या परदेशी डॉक्टरापुढेही फुले ठेवली जातात. चिनी संस्कृती पाहावयास याहून योग्य दिवस आम्हांस सुचत नाही. बीजिंगहून शिज्याच्वांगला जलद आगगाडीने सव्वा-दीड तासात पोहोचता येते. परंतु सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत हे शहर सहसा नसल्यामुळे तजवीज आपली आपणच करावी लागते.