'इव्हॅनेसन्ट' : विरून जाण्याचा अर्थ

पेढीवरील जुन्या फायलीतून थर्मल कागदावरचे बिल काढावे, तर पुष्कळदा कोरा कागदच हाती येतो. या कागदावर शाई नसते; उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. ऊन, तेल किंवा प्लास्टिकचे पाकीट यांच्या सान्निध्याने त्यावरील अक्षरे पुसट होत जातात. इंग्रजीत या क्रियेला 'फेड' म्हणतात. कापडाचा रंग उतरतो, तोही 'फेड'च. चंद्राची कला क्षीण होते, तेव्हा 'वेन' हा शब्द योजतात. याच अर्थाच्या परिवारात 'इव्हॅनेसन्ट' हा एक नाजूक शब्द आहे.

लॅटिन 'व्हानुस' म्हणजे रिक्त. त्या मुळापासून हा शब्द आला. 'व्हॅनिश' हा त्याचाच भाऊबंद. 'फेड' होणारी वस्तू टिकाऊ असून कालांतराने फिकी पडते. 'इव्हॅनेसन्ट' वस्तूचा मात्र स्वभावच अल्पकाळात विरून जाण्याचा. दवबिंदू, अत्तराचा दरवळ, ओठांवर क्षणभर उमटलेले स्मित यांना हे विशेषण शोभते. रंग उडालेल्या साडीला ते लावणे चूक ठरेल. वैद्यकात, तापाबरोबर उठून काही तासांत मावळणाऱ्या पुरळासही ते लावतात.

आपल्याला या शब्दाचा आशय परका नाही. आचार्य जिनसेनांच्या 'आदिपुराणा'त नीलांजनेची कथा आहे. नृत्य करता करताच तिचे आयुष्य संपले. रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने तत्क्षणी तिच्यासारखीच दुसरी नर्तकी उभी केली. सभेला काही कळले नाही. भगवान ऋषभदेवांनी मात्र ते जाणले आणि त्यांना वैराग्य झाले. बारा भावनांत अनित्य भावना पहिली आहे, ती याच जाणिवेची.

तरीही अनित्यता म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. वहीत 'व्यय' म्हणजे खर्च. तत्त्वज्ञानात 'व्यय' म्हणजे पर्यायाचा नाश. दोन्हींची नोंद ठेवणारा सावध असावा लागतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. थर्मल बिलाची अक्षरे तितका काळ टिकतीलच असे नाही. म्हणून बिल हाती येताच त्याची छायाप्रत काढून ठेवावी.

घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजाची, आजीच्या हाकेची मात्र छायाप्रत निघत नाही. ते खऱ्या अर्थाने 'इव्हॅनेसन्ट' आहे. दुकान बंद करून आज थोडे लवकर घरी जावे, एवढेच आपल्या हाती आहे.