खातं बदलावं की राहू द्यावं?

धानाचे पैसे संपले की बालाघाटात काहींच्या मोबाइलवर मेसेज येतो: किमान शिल्लक नाही म्हणून दंड, वर १८ टक्के जीएसटी. ‘एवढ्यासाठी कोण बँक बदलणार!’ आहे तेच धरून बसण्याच्या या स्वभावावर अर्थतज्ज्ञ सॅम्युएलसन आणि झेकहाउझर यांनी १९८८ मध्ये शोधनिबंध लिहिला होता.

खरं तर बँक बदलायलाच हवी असं नाही. मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या आदेशानुसार ते प्रत्येक बँकेत मिळतं. आहे तेच खातं त्यात बदलून मागा.

बँकच बदलायची, तर मेख आधारची आहे. आधारवर येणारे सरकारी पैसे, समजा लाडली बहना योजनेचे, सर्वांत शेवटी आधार जोडलेल्या बँकेत जातात. नव्या बँकेत आधार जोडलं आणि जुन्या पासबुकात एन्ट्री शोधत बसलं, असं नको! एक हप्ता नव्या खात्यात आलेला पाहा, विमा आणि ईएमआय तिकडे वळवा, मगच जुनं रीतसर बंद करा. तोवर शिल्लक शून्य झाली तरी दंडापोटी खातं उणे करता येत नाही, हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. तशी नोंद दिसली, तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.