निरोष्ठ रामायण, वजा टक्के आणि हळदीचा कागद

मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्याचा, पण मराठी माणसाच्या लेखी ते बारामतीचेच. त्यांनी शंभराहून अधिक रामायणे रचली. त्यांतले एक 'निरोष्ठ रामायण'. त्यात ओठाला ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे नाहीत. म्हणजे रामायण रामाचे, आणि 'राम' हा शब्द मात्र वर्ज्य!

सातवीच्या वर्गाला हाच नियम घालून घरच्या माणसांवर पाच ओळी लिहायला सांगावे. आई, आजी, काका, ताई सहज येतात. बाबा, मामा, मावशी, भाऊ, बहीण अडतात. 'मी'सुद्धा लिहिता येत नाही. गावाकडे वळावे तर बारामती आणि इंदापूर दोन्ही बाद. नीरा आणि कऱ्हा चालतात, भीमा चालत नाही. ऊस चालतो, पाणी नाही. ओष्ठ्य वर्ण म्हणजे काय, हे पुस्तकातल्या तक्त्यातून घोकून घेतले तर परीक्षेपर्यंत टिकते; पाच ओळी लिहिताना वीस वेळा अडखळलेले मूल ते सहजी विसरत नाही.

अडखळू देणे, मग त्या अडखळण्यावर विचार करायला लावणे, हे कॅथलिक शिक्षणपरंपरेतले जुने सूत्र आहे. येशूसंघाने म्हणजे जेझुइटांनी १५४८ साली सिसिलीतल्या मेसिना गावी सर्वसामान्य घरांतल्या मुलांसाठी शाळा काढली. १५९९ मध्ये त्यांची 'रेशिओ स्टुडिओरम' ही अध्यापनाची नियमावली पक्की झाली. शिक्षकाने धडा आधी उलगडून दाखवायचा, मुलांनी तो स्वतःच्या शब्दांत मांडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उजळणी करायची, असा तिचा क्रम होता. वर्गाचे दोन तट पाडायची रीत होती, एक रोमचा आणि एक कार्थेजचा. प्रत्येक मुलाला पलीकडच्या तटातला एक जोडीदार असे आणि चुका शिक्षकाआधी त्याने पकडायच्या असत. शर्यतीवरचा एवढा भर आज खटकतो, आणि तो खटकायलाच हवा. पण वर्गात तोंड फक्त शिक्षकाने उघडायचे नाही, ही समज सव्वाचारशे वर्षांपूर्वीची आहे.

१९९३ मध्ये येशूसंघाने याच परंपरेची नव्याने मांडणी केली. संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन असे तिचे पाच टप्पे. मराठी मुलखात या मंडळींचे भाषेशी नातेही जुने आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ मध्ये ते राशोलला छापले गेले. इथल्या माणसांना काही सांगायचे तर इथल्याच छंदात सांगावे, हे त्यांनी ओळखले होते. बारामती आणि इंदापूर हे तालुके १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांताच्या हद्दीत येतात. आपल्या राज्यातल्या कॅथलिक शाळांची ख्याती मात्र शिस्त, गणवेश आणि इंग्रजी यांवर उभी राहिली. पाच टप्प्यांतला पहिला टप्पा, म्हणजे मूल ज्या मातीत वाढते त्या मातीचा संदर्भ, बहुतेकदा मागे पडला. ही मोठी हानी आहे, कारण या दोन तालुक्यांत सहावी ते आठवीचा निम्मा अभ्यासक्रम शाळेच्या फाटकाबाहेरच मांडून ठेवलेला आहे.

उजनीचेच पाहा. भीमेवरच्या या धरणाचे फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरलेले आहे. हिवाळ्यात भिगवणजवळ रोहित पक्षी उतरतात, उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ वर येते. याच दिवसांत वर्तमानपत्रांत बातमी येते, 'उजनी वजा ५० टक्क्यांवर'. २०२४च्या उन्हाळ्यात साठा त्याच्याही खाली गेला होता. आता धरणात उणे पाणी असते तरी कसे? सहावी-सातवीत ऋण संख्या शिकणाऱ्या मुलासाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी, दोन्ही मिळून ११७.२३. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे नव्हे, उपयुक्त साठा संपला एवढेच. वजा ५० म्हणजे ५३.५७च्या निम्मे, सुमारे २६.८ टीएमसी, मृतसाठ्यातून गेले आणि तळाशी ३६.९ उरले. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत सुटते. त्यानंतर वर्गात जे प्रश्न उठतात, म्हणजे शून्य कुठे धरायचे हे कोण ठरवते आणि मृतसाठ्यातले पाणी नेमके कोणाकडे जाते, त्यांना आठवडा पुरत नाही. आठवडा द्यावा. तिथेच गणिताचे नागरिकशास्त्र होते.

दुसरे उदाहरण पायाखालचे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. 'को ८६०३२' हे उसाचे वाण इथल्या घराघरांत ठाऊक असते. नीराकाठच्या पाडेगाव संशोधन केंद्रामार्फत महाराष्ट्रात ते 'नीरा' या नावानेच आले. पण वर्षानुवर्षे भरमसाट पाणी दिल्याने आणि निचरा नीट नसल्याने कालव्याखालच्या कित्येक जमिनी बिघडल्या. त्यांतही प्रकार दोन आहेत, एक क्षारयुक्त आणि दुसरी चोपण. आठवीच्या मुलांना हा फरक स्वतः शोधून काढता येतो, आणि साहित्य स्वयंपाकघरातले लागते.

टिपकागदावर ओली हळद चोळून तो सावलीत वाळवायचा. दोन-तीन शेतांतली माती वेगवेगळ्या पेल्यांत स्वच्छ पाण्यात ढवळून निवळू द्यायची, वरचे पाणी गाळून घ्यायचे आणि त्याचा एकेक थेंब पिवळ्या कागदावर सोडायचा. चोपण जमिनीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर असतो आणि हळदही साधारण तिथेच रंग बदलते. कागदावर तांबूस डाग उमटू लागतो. खरी गंमत पुढे आहे. ज्या शेतात पांढरा थर डोळ्यांना दिसतो, त्या मातीचा थेंब कित्येकदा कागद पिवळाच ठेवतो. मुले चक्रावतात. 'एवढे मीठ फुटलेय, मग डाग का नाही?' अशा वेळी शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये. तेच गाळलेले पाणी बशीत घेऊन उन्हात आटवायला सांगावे. तळाशी पांढरी पूड राहते. म्हणजे क्षार आहेत, पण सामू तेवढा चढलेला नाही. क्षारयुक्त जमीन निचरा करून, पाण्याने धुऊन सुधारते, तर चोपणीला जिप्समही लागते, हे घरातले शेतकरी जाणतातच. त्यामागचे कारण मुलीच्या वहीतून घरी पोचते तेव्हा शाळा आणि शेत यांच्यात बोलणे सुरू होते.

उपक्रमांचा सुळसुळाट सगळीकडे आहे. तक्ते रंगतात, भित्तिपत्रके लागतात, फोटो काढले जातात. हळदीच्या कागदावर डाग का पडला नाही याचा विचार न करता फोटो काढला, तर तो उपक्रम तिथेच संपला. अनुभवानंतरचा चिंतनाचा टप्पा गाळला की उरते ती सजावट.

हा टप्पा कसा घ्यावा, याचा सर्वांत निर्भीड धडा मात्र एका एकाकी पाद्र्याने दिला. फादर लोरेन्झो मिलानी यांना डिसेंबर १९५४ मध्ये इटलीतल्या टस्कनीच्या डोंगरात, बार्बियाना नावाच्या वस्तीवर पाठवण्यात आले. तिथे ना रस्ता होता, ना वीज. सरकारी शाळेने नापास करून टाकलेली शेतकऱ्यांची मुले घेऊन त्यांनी चर्चशेजारी वर्ग भरवला. रोज वर्तमानपत्र वाचायचे, मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचे, आणि लिहायचे ते सर्वांनी मिळून. प्रत्येकाने सुचेल ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे. मग चिठ्ठ्या टेबलावर पसरून सारख्या एकत्र करायच्या, दुबार काढून टाकायच्या, क्रम लावायचा आणि मोठ्याने वाचत एकेक जादा शब्द छाटायचा. अशा रीतीने आठ मुलांनी १९६७ मध्ये एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तकभर पत्र लिहिले. सरकारी आकडेवारी मांडून त्यांनी दाखवून दिले की शाळा गाळते ती मुले गरिबांची असतात. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मिलानी गेले. ते पुस्तक मराठीतही 'प्रिय बाई' या नावाने सुधा कुलकर्णी यांनी आणले आहे.

बारामती-इंदापुरात ते वाचताना नजर उसाच्या फडाकडे जाते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या आगेमागे पेटतात. मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग झाले, हंगामी वसतिगृहांची योजना आली. तरीही अकरा-बारा वर्षांची मुलगी कोपीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली दिसते. तिच्या वयाची मुले रस्त्यापलीकडच्या शाळेत सहावी-सातवीत असतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचवली आहे. ते दिवस सहलीत आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीत घालवण्याऐवजी, या पट्ट्यातल्या शाळांनी त्यांतले निदान चार गळीत हंगामात ठेवावेत. एक दिवस मातीचा, एक उजनीच्या पाण्याचा, एक कारखान्यात साखरेचा उतारा कसा काढतात ते पाहण्याचा. चौथ्या दिवशी कोपीवरच्या मुलांनाही वर्गात बोलवावे आणि चिठ्ठ्या सगळ्यांना वाटाव्यात. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, शेजारच्याने उतरवून घ्यावे.