एकच नाणे, दोनदा खर्च

बिटकॉइन या चलनाला ना टांकसाळ आहे ना रिझर्व्ह बँकेसारखा कोणी मालक. जगभर विखुरलेल्या हजारो संगणकांवर, ज्यांना नोड म्हणतात, चालणारी आज्ञावली प्रत्येक व्यवहाराची स्वतंत्र छाननी करते आणि त्या सर्वांचा निवाडा एकच येतो, एवढ्याच आधारावर त्याची सारी पत उभी आहे. तो निवाडा दुभंगण्याचा प्रसंग सप्टेंबर 2018 मध्ये थोडक्यात टळला.

एकदा खर्चलेले नाणे पुन्हा खर्चता येऊ नये, हा येथील आद्य नियम. एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा मांडलेले नाही ना, हे नोड व्यवहार प्रथम दाखल होताना पाही आणि तो इतर व्यवहारांसह ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यात बांधून आल्यावर पुन्हा पाही. ब्लॉकची पडताळणी जलद व्हावी, या तसे पाहता रास्त हेतूने, 'बिटकॉइन कोअर' या नोडवर चालणाऱ्या आज्ञावलीच्या 2017 मधील 0.14 आवृत्तीत ही दुसरी तपासणी अनावश्यक मानून गाळण्यात आली. नाक्यावर माल पाहिला म्हणून कोठीत तो मोजायचाच नाही, असा हा प्रकार. आणि नाका चुकवून थेट कोठीत माल आणू शकणारा वर्ग तर होताच, तो म्हणजे ब्लॉक रचणारे मायनर.

त्यांच्यापैकी एखाद्याने असा दूषित ब्लॉक धाडला असता, तर 0.13 व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांनी तो फेटाळला असता, 0.14 चा नोड जागीच बंद पडला असता आणि नाण्यांची नोंद ठेवण्याची पद्धत जिथे बदलली होती, त्या 0.15 पासूनच्या आवृत्त्यांनी विशिष्ट परिस्थितीत तो मुकाट्याने स्वीकारून, एकूण नाण्यांवरची 2 कोटी 10 लाखांची मर्यादा धाब्यावर बसवणारी नाणी शून्यातून निर्माण होऊ दिली असती.

17 सप्टेंबरला हा दोष कळवणारा 'ऑमनी' या टोपणनावाचा प्रोग्रामर बिटकॉइन कॅश या प्रतिस्पर्धी चलनाच्या गोटातला होता, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते. दुसऱ्याच दिवशी 0.16.3 ही दुरुस्त आवृत्ती निघाली. मात्र दोषामुळे नोड बंद पडू शकतो एवढेच तेव्हा जाहीर झाले, आणि नाणी वाढण्याचा अधिक भयंकर धोका मायनरांना आवृत्ती बदलण्यास अवधी मिळावा म्हणून 20 तारखेपर्यंत गुप्त राखण्यात आला. खुलेपणाचा डांगोरा पिटणाऱ्या व्यवस्थेत ही गुप्तता काहींना खटकली. चोराच्या हाती किल्ली देण्यापेक्षा ती रास्तच होती, असे माझे मत आहे. बिटकॉइनवर या दोषाचा कोणी लाभ उठवल्याचे आढळले नाही. त्याच आज्ञावलीवर बेतलेल्या पिजनकॉइन या लहानशा चलनात मात्र दुरुस्ती वेळेवर पोहोचली नाही, आणि तेथे खरोखरच कोट्यवधी बनावट नाणी निर्माण झाली.