ज्येष्ठांचा संघ : गोळीइतकाच गरजेचा



सांगलीच्या एका वस्तीत आम्ही रक्तदाब तपासणीचे शिबिर घेतले. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा रक्तदाब 190/110 भरला. "आजी, गोळी घेता ना?" तर म्हणाल्या, "घेते की बाई, एक दिवसाआड. पुरवायला नको का?" सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, पण गुडघे धरलेले आणि सोबतीला कोणी नाही. म्हणून मेडिकलमधून विकत घ्यायच्या. त्यात श्रावणबाळचे पैसे चार महिने बंद. चौकशी केली तेव्हा कळले, हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता.

नर्सची नोकरी करताना मी अशा पेशंटवर रागवायचे. वस्तीत फिरायला लागल्यावर समजले, आजींना रागवून काय होणार? त्यांना हवी होती सोबत. रक्तदाबाची गोळी अशी आडदिवस घेतली तर रक्तदाब ताब्यात राहत नाही आणि लकव्याचा धोका वाढतो.

म्हणून मी आता प्रत्येक वस्तीत एकच गोष्ट सांगते : ज्येष्ठांचा संघ करा, नाहीतर जवळच्या संघाचे सभासद व्हा. "ते पेन्शनवाल्यांचं काम, आमचं तिथं काय?" असे आपली माणसे म्हणतात. पण ज्याने आयुष्यभर बांधकामावर, शेतात, झाडलोटीवर हाडे झिजवली, त्याला ना पेन्शन ना फंड. संघाची खरी गरज त्यालाच आहे.

साताऱ्याच्या एका वस्तीत दर रविवारी विहारात ज्येष्ठ जमतात. आशाताई येतात, रक्तदाब मोजून वहीत लिहितात. साखर तपासायला, मोतीबिंदू दाखवायला चौघे-पाचजण मिळून दवाखान्यात जातात. हयातीचे दाखले सगळ्यांचे एकदमच दिले जातात. दोन रविवार कोणी दिसले नाही, तर कोणीतरी घरी जाऊन बघते. आज्या नातवंडांना घेऊनच येतात. कोणी अडवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात सहांपैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि एकटेपणामुळे हृदयविकार, लकवा, विस्मरण यांचा धोका वाढतो. भरल्या घरातही म्हातारे माणूस एकटे असते. हे आपण रोज बघतो.

सांगलीकरांना आणखी एक सांगते. 2019 आणि 2021 चा महापूर आठवा. अंथरुणाला खिळलेले कोण, रोजच्या गोळ्या कोणाला, इन्सुलिन कोणाला, ही यादी पावसाळ्याआधी संघाकडे तयार हवी. पाणी दारात आल्यावर यादी होत नाही.

संघात बसून हे तपासा

- श्रावणबाळ योजना : वय 65 पूर्ण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत. महिना 1500 रुपये. आधार बँक खात्याला जोडलेले आहे का, तेही बघा.
- वय 70 पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार.
- प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार मोफत.
- एसटी : 65 ते 75 वयापर्यंत अर्धे तिकीट, 75 नंतर मोफत.
- मुले सांभाळत नसतील तर 2007 च्या कायद्याने प्रांत कार्यालयात पोटगीचा अर्ज करता येतो.
- मदतीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन : 14567.

सुरुवातीला नोंदणीची घाई नको. एक वही, रक्तदाबाचे एक मशीन आणि ठरलेला वार पुरतो. वर्गणी दहा रुपये ठेवा, ज्याला जमत नाही त्याला माफ करा. बायकांना नुसते सतरंजीवर बसवू नका, वही त्यांच्या हातात द्या. पुढे नोंदणी करायची तर किमान 7 जण लागतात. फेस्कॉम हा राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ आहे, त्याच्याशीही जोडून घेता येते.

त्या आजींचा दाखला शेजारच्या दोघींनी तहसीलमध्ये सोबत जाऊन दिला. पैसे पुन्हा सुरू झाले. आता त्या तिघी मिळून महिन्याला सरकारी दवाखान्यात जातात आणि गोळ्या घेऊन येतात. गेल्या वेळी रक्तदाब 140/86 होता. "आता रोज घेते गं बाई," म्हणाल्या, "न घेऊन सांगू कुणाला? ह्या दोघी विचारतात की!"