लेकीच्या नावाचा डेटाबेस आणि आठव्या दिवसाचं बिल

मायएसक्यूएलमधला ‘माय’ म्हणजे ‘माझं’ नव्हे! हा डेटाबेस घडवणाऱ्या फिनलंडच्या मायकेल विडेनिअस यांच्या थोरल्या लेकीचं ते नाव. धाकटी मारिया, तिच्या नावानं पुढे मारियाडीबी आला. पोस्टग्रेसची गंमत वेगळी : आधीच्या इनग्रेसनंतरचा, म्हणून पोस्टग्रेस.

ॲमेझॉननं ऑक्टोबर २००९मध्ये आरडीएस ही डेटाबेस भाड्यानं देणारी सेवा सुरू केली, तेव्हा तिथं फक्त मायएसक्यूएल मिळायचा. पोस्टग्रेस यायला २०१३ उजाडलं. आज पर्याय ढीगभर आहेत, पण निवडताना मी पहिल्यांदा नकाशा बघतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून अमेरिकेतलं व्हर्जिनिया सरळ रेषेत तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे डेटाबेस तिथं ठेवला, तर एका क्वेरीच्या जाण्यायेण्यातच किमान १३० मिलिसेकंद गेले. एका पानासाठी अशा वीस क्वेरी एकापाठोपाठ केल्या, तर अडीच सेकंद नुसते प्रवासात! मग कशाला इतक्या लांब जायचं? मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा अझूर २०१५पासून पुण्यात आहे, ॲमेझॉन २०१६पासून मुंबईत.

बिलाचंही बघा. आरडीएसचा डेटाबेस ‘स्टॉप’ करता येतो, पण सातच दिवस. मग तो आपोआप चालू होतो आणि मीटर पुन्हा पळू लागतं. बंद असतानाही साठवणुकीचे पैसे लागतातच.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, ऐनवेळी एकही धड कामी आली नाही. वाचवलं ते सहा तासांपूर्वी हातानं घेतलेल्या एका प्रतीनं. ही दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर जगाला थेट दाखवली. केवढा मोठेपणा!

म्हणून कुठलीही सेवा घेण्याआधी मी एक छोटं टेबल बनवतो, घड्याळ बघतो, टेबल उडवतो आणि त्याच्या आधीच्या मिनिटाला परत जायला सांगतो. जरूर करून बघा. आरडीएस जुन्या डेटाबेसला हात लावत नाही, शेजारी नव्या पत्त्यावर दुसरा उभा करतं. ॲपमधला पत्ता आपणच बदलायचा. तो कुठल्या फाइलमध्ये आहे, हे ग्राहकांचे फोन वाजायच्या आधी ठाऊक असलेलं बरं.