बाबागाडीची निवड

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ॲशबर्टन नावाचे एक उपनगरी रेल्वे स्थानक आहे. २००९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात ह्या स्थानकाच्या फलाटावर एक आई आपल्या बाळाची गाडी घेऊन उभी होती. क्षणभर तिचा हात गाडीच्या मुठीवरून निघाला. गाडी आपोआप पुढे सरकली, फलाटाच्या कडेवरून खाली रुळांवर गेली आणि त्याच वेळी आगगाडी स्थानकात शिरली. बाबागाडीला इंजिनाने काही अंतर फरफटत नेले. परंतु आश्चर्य असे, की बाळ किरकोळ दुखापतीवर बचावले. फलाटावरील कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य पुढे जगभर पाहिले गेले. चाकांवर ठेवलेली वस्तू चालविण्यास जेवढी सोपी, तेवढीच ती न चालविताही चालू लागते, ही गोष्ट त्या काही सेकंदांत फार कठोरपणे दिसून आली.

बाबागाडी ही दिसावयास साधी वस्तू आहे. दुकानात ती रंग पाहून, गादीचा मऊपणा पाहून किंवा शेजाऱ्यांकडे तशीच आहे म्हणून घेतली जाते. वास्तविक ती बाळाचे अंथरूण आहे, खुर्ची आहे आणि वाहनही आहे. घरातील माणसे रोज सकाळी पळावयास जाणारी असतील, सुट्टीत डोंगरवाटा तुडविणारी असतील किंवा बस, लोकल व जिने ह्यांतून सतत ये-जा करणारी असतील, तर त्या प्रत्येकीची गाडी वेगळी असावयास हवी. ती कशी, हे सांगण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र व थोडे शरीरशास्त्र पुरते.

बाळाला गाडीत बसवून हिंडविण्याची कल्पना प्रथम श्रीमंतांच्या बागेत रुजली. इंग्लंडमध्ये १७३३ च्या सुमारास विल्यम केंट ह्या वास्तुतज्ज्ञाने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक लहान गाडी तयार केली. ती माणसाने ढकलावयाची नसून बकऱ्याने किंवा लहान तट्टाने ओढावयाची होती. अमेरिकेत १८८९ साली विल्यम रिचर्डसन ह्या कृष्णवर्णीय संशोधकाने बाळाचे तोंड पुढे किंवा ढकलणाऱ्याकडे वळविता येईल, अशा पाळण्याच्या गाडीचे एकस्व मिळविले. खरी क्रांती मात्र १९६५ साली झाली. ओवेन मॅक्लॅरेन हे विमानविद्येतील निवृत्त अभियंते. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या घडीव सांगाड्यावर त्यांनी काम केलेले. आपल्या नातीची अवजड गाडी प्रवासात किती त्रास देते, हे पाहून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनविली. तिचे वजन तीन किलोग्रॅमहूनही कमी होते. विमानाची चाके पोटात दुमडून घेण्याची विद्या बाळाच्या गाडीस उपयोगी पडली, हे विज्ञानाच्या इतिहासातील एक गोड वळण मानावयास हरकत नाही. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यकिमा गावच्या फिल बेक्लर ह्या वृत्तपत्रात काम करणाऱ्या धावपटूने बाळासह धावता यावे म्हणून गाडीला सायकलची चाके जोडली आणि तीन चाकांची धावगाडी जन्मास आली.

ह्या दोन शोधांतच निवडीचा मुख्य पेच आलेला आहे. हलकी, घडीची गाडी आणि मोठ्या चाकांची दणकट गाडी ह्यांचे गुण एकाच गाडीत पूर्णपणे कधीच येत नाहीत.

आधी चाकाचा विचार करू. आपल्याकडील बैलगाडीची चाके एवढी मोठी का असतात, ह्याचे उत्तर चाकोरीच्या रस्त्यात आहे. समजा, पदपथावरील एक फरशी २.५ सेंटिमीटर उचललेली आहे व गाडीचे चाक तिच्या कडेस येऊन टेकले आहे. चाकाला त्या कडेवर चढविण्यासाठी आसाशी किती आडवा जोर लावावा लागेल, हे भूमितीने काढता येते. चाकाचा व्यास १५ सेंटिमीटर असेल, तर त्या चाकावर असलेल्या भाराच्या सुमारे १.१२ पट जोर लागतो. म्हणजे भार ५ किलोग्रॅमचा असल्यास ५ किलोग्रॅमहून अधिक. व्यास ३० सेंटिमीटर केला, की हाच जोर ०.६६ पटीवर येतो आणि ४० सेंटिमीटरच्या चाकास ०.५५ पट पुरतो. उलट व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर कड नेमकी आसाच्या उंचीवर येते आणि कितीही आडवा जोर लावला तरी चाक चढत नाही. शाळेतील मुलांना हे टेबलावरही पाहता येईल. एक पेन्सिल आडवी ठेवून तिच्यावरून प्रथम दोऱ्याचे रिकामे रीळ आणि मग मोठा डबा घरंगळत न्यावा. बोटाला फरक लगेच जाणवतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात येते. मूठ आसापेक्षा उंच असल्यामुळे आपण गाडी ढकलतो तेव्हा जोराचा काही भाग खाली दाबण्यात जातो आणि चाक वाळूत किंवा चिखलात अधिकच रुतते. ओढताना तोच भाग वर उचलणारा ठरतो. समुद्रकाठच्या वाळूत किंवा खडीच्या वाटेवर गाडी उलटी फिरवून मागे ओढत नेणारी माणसे दिसतात, ती कळत-नकळत ह्याच नियमाचा फायदा घेत असतात. पायरीपाशी मात्र मूठ खाली दाबून पुढचे चाक उचलावे. तेथे मागचा आस टेकू होतो आणि सारी गाडी तरफ बनते.

हवा भरलेले टायर हादरे गिळतात, म्हणून खडबडीत वाटेस ते उत्तम. पण त्यांना पंक्चर असते आणि पंप बरोबर बाळगावा लागतो. फोम किंवा रबराच्या भरीव चाकांना ती काळजी नाही, मात्र हादरे बाळापर्यंत पोचतात. शहरातील सपाट फरशीवर, बाजारात व बसमध्ये हिंडणाऱ्या कुटुंबाने भरीव लहान चाके पसंत केल्यास त्यात काहीच चूक नाही.

तीन चाके की चार? तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते; तिवई कोणत्याही ओबडधोबड जमिनीवर डगमगत नाही ती ह्यामुळेच. तीन चाकी गाडी खाचखळग्यांतही तिन्ही चाके टेकून चालते. पण तिच्या पायाचा आकार त्रिकोणी असल्याने वेगात झटकन वळण घेतल्यास पुढच्या कोपऱ्याकडे कलंडण्याचा धोका चार चाकीपेक्षा अधिक असतो. पुढच्या चाकाविषयीही सावध असावे. सर्व बाजूंनी फिरणारे चाक बाजाराच्या गर्दीत सोयीचे, कारण गाडी जागच्या जागी वळते. तेच चाक धावण्याच्या वेगात डावी-उजवीकडे थरथरू लागते. लहानसा खडा लागला तरी एकदम आडवे होते व गाडी उलथू शकते. म्हणून धावण्यासाठी पुढचे चाक सरळ रेषेत पक्के बसविलेले किंवा खिटीने अडकविता येणारे असावे लागते. तीन चाके दिसली म्हणजे ती धावगाडीच, असा समज दुकानांतून सर्रास आढळतो. तो खरा नाही. निर्मात्याने धावण्यासाठी म्हणून स्पष्ट सांगितलेलीच गाडी त्या कामी वापरावी.

आता पिशव्यांकडे वळू. बाबागाडीची मूठ ही पिशवी अडकविण्याची खुंटी आहे, असे बहुतेक आईबापांस वाटते. समजा, गाडी ८ किलोग्रॅमची व बाळ १० किलोग्रॅमचे आहे, दोघांचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या २५ सेंटिमीटर पुढे आहे आणि मूठ त्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे येते. सपाट जमिनीवर गाडी मागे उलटण्यास मुठीवर १५ किलोग्रॅमचा भार लागेल (१८ गुणिले २५ भागिले ३०). एवढी भाजी कोणी अडकवीत नाही, म्हणून सारे ठीक चालले आहे असे वाटते. मग बाळाला उचलून घेतले जाते. आता पुढे उरली एकटी ८ किलोग्रॅमची गाडी. गुरुत्वमध्य तेथेच धरला तर ६.७ किलोग्रॅमची पिशवी तिला उलटविण्यास पुरते. चढणीवर तर याहून कमी. जितकी गाडी हलकी, तितकी ही सीमा लवकर येते. म्हणजे छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीच्या मुठीस पिशवी लावणे सर्वांत वाईट. सामानासाठी आसनाखाली, दोन्ही आसांच्या मधोमध असलेली टोपली हवी. तेथील वजन गाडीला उलट अधिक स्थिर करते.

उताराचे गणितही असेच बोलके आहे. २० मीटरला १ मीटर उतार असेल, तर ब्रेक न लावलेली गाडी, घर्षण सोडून दिल्यास, चार सेकंदांत जवळजवळ ४ मीटर जाते व तिचा वेग ताशी ७ किलोमीटरपर्यंत पोचतो. चांगल्या बॉल-बेअरिंगच्या चाकांस घर्षण थोडेच असते, म्हणजे गाडी जितकी चांगली, तितकी ती लवकर पळते. थांबल्यावर ब्रेक पायाने दाबून खात्री करून घेणे, फलाटावर गाडी रुळांना समांतर उभी करणे आणि धावताना मुठीस बांधलेला पट्टा मनगटात अडकविणे, ह्या तीन सवयींची किंमत ॲशबर्टनने दाखवून दिली आहे. धावगाडीस मुठीजवळ हातब्रेकही असावा.

बाळाच्या शरीराचा विचार मात्र यंत्राच्या आधी करावयास हवा. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढे असते आणि ते पेलणारे मानेचे स्नायू पहिल्या तीन-चार महिन्यांत हळूहळू बळकट होतात. अशा बालकाला अर्धवट बसत्या स्थितीत ठेवले, की हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग आखडू शकतो. म्हणून पहिल्या महिन्यांत पूर्ण आडवे होणारे आसन किंवा सपाट पाळणाच हवा. मूल आधाराशिवाय बसू लागते ते साधारण सहाव्या महिन्यात. धावगाडीत नेण्यास बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांच्या आत सहसा संमती देत नाहीत. काहीजण आठ महिने थांबावयास सांगतात. तोवर घरातील धावपटूने चालण्यावर समाधान मानावे. आसनाला खांदे, कंबर व पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा असावा आणि तो दर वेळी बांधावा.

उन्हाचा प्रश्न आपल्या देशात विशेष आहे. ऊन लागू नये म्हणून गाडीवर पातळ चादर टाकण्याची रीत सर्वत्र आहे. तिच्यामुळे सावली होते खरी, पण आतली हवा कोंडते आणि तपमान बाहेरच्यापेक्षा वाढते. तेच कापड ओले करून टाकले व हवा खेळती ठेवली, तर बाष्पीभवनामुळे आत थंडावा येतो. माठ आणि वाळ्याचे पडदे ज्या न्यायाने गार करतात तोच हा न्याय. जयपूर किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा गुण येईल. चेन्नई, कोलकाता वा मुंबईच्या दमट हवेत फार येणार नाही. जाळीचे खिडकीवजा भाग असलेले मोठे टप घ्यावे आणि बाळाच्या मानेवर हात ठेवून ते तापले तर नाही ना, हे पाहत जावे.

धुराचे संकट डोळ्यांस दिसत नाही. गाडीतील बाळाचे नाक जमिनीपासून साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटर उंचीवर असते आणि मोटारींच्या धुराड्यांचे तोंड त्याखालीच उघडते. बाळ मिनिटास तीस-चाळीस वेळा श्वास घेते, प्रौढ मनुष्य बारा ते वीस वेळा. इंग्लंडमधील सरे विद्यापीठातील संशोधकांनी ह्या विषयावर २०१८ पासून लक्ष वेधले आहे. ज्या कुटुंबाचा रोजचा मार्ग हमरस्त्याचा आहे, त्याने उंच आसनाची गाडी घ्यावी, चौकात सिग्नलपाशी गाडी रस्त्याच्या कडेपासून मागे उभी करावी. दिल्लीच्या लोदी बागेत किंवा बंगळूरच्या कब्बन पार्कमध्ये फिरावयास जाणाऱ्याला ही चिंता कमी.

जुळ्यांच्या गाड्यांविषयी एवढेच, की शेजारी-शेजारी आसने असलेली गाडी स्थिर असते पण दारात अडते. आधी लिफ्टचे व घराचे दार मोजून घ्यावे.

घडी घालण्याच्या सांध्यांकडे मात्र बारकाईने पाहावे. २००९ सालच्याच नोव्हेंबरात अमेरिकेत एका कंपनीच्या सुमारे १० लाख घडीच्या गाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरणे बसवावी लागली, कारण गाडी उघडताना बारा बालकांच्या बोटांची टोके त्यांत सापडून तुटली होती. गाडी उघडताना व मिटताना मूल दोन हात दूर असावे. जुनी गाडी नातेवाइकांकडून आली असल्यास सांध्याची खिटी सैल झाली आहे का, ब्रेक धरतो का आणि पट्ट्याचे कुलूप ओढून सुटते का, हे तपासल्याशिवाय ती वापरू नये.

दुकानात जाताना पाच-पाच किलोग्रॅमच्या तांदळाच्या दोन पिशव्या बरोबर न्याव्यात. दुकानदार हसेल, हसू द्यावे. त्या आसनावर पट्ट्याने बांधून गाडी दाराच्या उंबऱ्यावरून न्यावी, एका हाताने वळवून पाहावी, मूठ घरातील सर्वांत उंच व सर्वांत ठेंगण्या माणसाच्या कोपराखाली येते का ते बघावे, आणि शेवटी एक पिशवी कडेवर घेऊन उरलेल्या एका हाताने गाडी मिटवावी. घर तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नसेल, तर त्याच अवस्थेत दुकानाचा जिना एकदा चढून उतरावा.